बाप्या हाय का बाई?

“कुंडलिकदादा, त्या तबकडीत गातोय त्यो बाप्या हाय का बाई?”

खरं म्हणजे हा प्रश्न सगुणाचा नव्हताच. फुला आणि लीला या तिच्या दोघी मैत्रिणींनी तो शाळा सुटल्यापासून तिच्या गळ्यात बांधला होता. “हिंमत आसंल तर इचार. आन् मोठ्यानं इचार, कुजबुजायचं न्हाई. इचारलंस तर उत्रोलीपातुर तुझं दप्तर आमी वाहू!” आता भोरच्या स्टँडपासून घरी, उत्रोलीपर्यंतचा मार्चातला उन्हाचा रस्ता आणि त्यात नववीचं दप्तर! एवढ्या लालचीवर सगुणानं वेणी पाठीवर टाकली आणि छाती भरून विचारून टाकलं.

कुंडलिक लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. त्याचं दुकान स्टँडच्या अगदी समोर. त्या वेळी तो भोंग्यात डोकं घालून बसला होता. तिथनंच तो ओरडला, “कोण रं, भिमा का? पोती उतारली का?”

भिमा म्हणजे स्टँडवरचा हमाल. हा एवढा पहिलवान, मिशाळ माणूस!

सगळा स्टँड हसला. फुला तर लीलाच्या खांद्यावर पडून हसली. आणि सगुणाला वाटलं, त्या भोंग्यात आपणच शिरावं आणि पलीकडनं कुठंतरी निघून जावं.

कारण दुखणं नेमकं तिथंच होतं. गेल्या दिवाळीपर्यंत सगुणाचा आवाज चारचौघींसारखा होता. दिवाळीनंतर तो उतरायला लागला आणि उतरतच गेला. वर्गात हजेरीला ती “हजर” म्हणाली, की मास्तर मुलांच्या बाजूला बघायचे. मग तिनं बोलायचंच सोडलं आणि नुसता हात वर करायला लागली. तिचे वडील सावळाराम गायनपार्टी चालवायचे. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला उत्रोलीत त्यांचं गाणं असे, पेटी ते स्वतः वाजवत, आणि लहानपणापासून सगुणा पुढं बसून गायची. यंदा सरावाला तिचा आवाज वरच्या सुराला गेला की फाटायचा. सावळाराम रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “मागं बस बाय. टाळ्या धर.” ते ‘मागं बस’ तिला छडीपेक्षा जास्त लागलं होतं.

आणि आई! सखूबाईंचं हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. भोरच्या डॉक्टरांनी घशात चमचा घालून बघितलं आणि सांगितलं, काही नाही, वयाप्रमाणे होतं. “चमच्यानं काय दिसतंय?” म्हणून सखूबाईंनी तेही निकालात काढलं. पाणवठ्यावर कमळाबाईनं त्यांना सांगितलं होतं की घशात गाठ असते आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ती कापतात. झालं! येत्या सोमवारी पुण्याला जायचं ठरलं. तेव्हापासून सगुणा रात्री निजताना गळ्याला हात लावून बघायची, की अजून आहे ना जागच्या जागी.

तर असा हा प्रश्न. मैत्रिणींनी तो तिच्याच गळ्यात का बांधला, हे आता वेगळं सांगायला नको.

ज्या तबकडीवरून हे झालं ती मात्र सगळ्या स्टँडची लाडकी होती. कुंडलिकचा थोरला भाऊ जगन बोटीवर खलाशी होता. मागच्या रजेत त्यानं विलायतेहून ती आणली आणि ‘भोंग्याची परीक्षा घ्यायला बरी’ म्हणून दुकानात ठेवून गेला. पुठ्ठ्याच्या वेष्टनावर माणसाचं चित्रच नव्हतं. एक निळी लाकडी खुर्ची बागेत पावसात भिजत उभी, बस्स. गाणाऱ्याचं नाव होतं, पण ते इंग्रजी आणि असं, की बापाचं कुठलं नि लेकराचं कुठलं तेच कळू नये. म्हणून सगळे तिला ‘वल्या खुर्चीची तबकडी’ म्हणायचे.

आणि गाणी? काय सांगावं! घाईच नाही त्या गाण्यांना. सुपात तांदूळ पाखडावेत तसा मागं हलका ताल चालायचा. पेटीसारखंच काहीतरी वाजायचं, पण मोठ्या पोटाची पेटी. मधेच पितळी वाद्य असं हुंकारायचं, की झोपेतल्या म्हशीनं उसासा टाकावा. आणि या सगळ्याच्या खाली तो आवाज. जाड, ऊबदार, जरा ओलसर. लग्नाच्या सनईनंतर कुंडलिकनं एकदा सहज ही तबकडी लावली, आणि भाजीवाली ठकुबाई मेथीची जुडी हातात धरून तशीच बसून राहिली. तेव्हापासून रोज दुपार कलली की ती ओरडायची, “कुंडलिका, खुर्ची लाव रं!” वेल्ह्याकडून हिरड्याची पोती घेऊन येणारा चिमाजी तर तबकडीपायी दोनदा वेल्ह्याची एसटी चुकला होता. बायकोला त्यानं सांगितलं, गाडी पंक्चर झाली.

शब्द कुणाला कळत नव्हते. पण एका गाण्यात आवाज पुन्हा पुन्हा ‘माय’ म्हणायचा, आणि तो एवढा एक शब्द सगळ्या भोरला कळत होता.

“आईला हाक मारतंय लेकरू,” ठकुबाई म्हणायची. “परदेशात गेलं आसंल, घरची याद येत आसंल. लई सोसल्यालं दिसतंय पोरगं.”

“पोरगं कसलं, चांगला बाप्या गडी हाय,” चिमाजी म्हणायचा. “आवाज बघा की. शेरभर दूध पिऊन गातोय.”

बाप्या की बाई, हा वाद तिथनंच सुरू झाला होता.

भोंग्यातनं डोकं काढल्यावर कुंडलिकला सगुणा दिसली आणि तो ओशाळला. “आगं, तू व्हय? मला वाटलं… जाऊ दे. बाप्या का बाई ते मला तरी कुठं ठावं? हे धर वेष्टन. इंग्रजी शिकतीस न्हवं? तूच वाच.”

वेष्टनाच्या मागं मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं होती. सगुणा ओट्यावर टेकली आणि बोटानं एकेक शब्द पुढं सरकवू लागली. निम्मे शब्द ओळखीचे नव्हते. उरलेले ओळखीचे असून ओळख देत नव्हते. फुला म्हणाली, “चल गं, न्हाई जमायचं.” आणि तेवढ्यात एका ठिकाणी बोट थांबलं.

“हर व्हॉइस,” सगुणा म्हणाली. मग मोठ्यानं, “हर! हितं हर लिवलंय!”

चिमाजीनं बिडी बाजूला केली. “मग झालं की. हर म्हंजे म्हादेव. हर हर म्हादेव! म्हंजे बाप्याच. मी काय सांगत व्हतो?”

“न्हाई वो काका!” सगुणा उठून उभी राहिली. याच धड्यापायी तिनं गेल्या महिन्यात सर्जेराव मास्तरांची पट्टी खाल्ली होती. बहिणीच्या पुस्तकाला ‘हिज बुक’ लिहिलं म्हणून! “इंग्रजीत हिज म्हंजे त्याचा, आन् हर म्हंजे तिचा. हर व्हॉइस म्हंजे तिचा आवाज. तिचा! बाई हाय ती!”

ती एवढ्या मोठ्यानं बोलली, की एसटीच्या खिडकीतली माणसं वळून बघायला लागली. आणि गंमत म्हणजे, या वेळी कुणी हसलं नाही. सगळे तबकडीकडंच बघत होते.

“बया गं!” ठकुबाई म्हणाली. “बाई हाय व्हय? आन् मी म्हनतीया लेकरू, लेकरू. लेक हाय म्हना की आईची!”

“पण बाईमाणसाचा एवढा जाड आवाज?” लीलानं सगुणाकडं तिरकं बघत विचारलं.

“जाड न्हाई गं पोरी,” ठकुबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं. “खोल हाय. हिरीवानी. वाकून बघाया लागतं.”

त्या दिवशी दप्तर फुला आणि लीलानं वाहिलं, आणि सगुणा मोकळ्या हातांनी पुढं चालत होती. छातीवरनं कुणीतरी जात्याचा दगड उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं होतं. विलायतेत एक बाई आहे. तिचा आवाज असाच खाली उतरलेला आहे. आणि तिचा घसा कापायचं सोडून लोकांनी तिची तबकडी काढली!

दुसऱ्या दिवशी हजेरीला ती खणखणीत “हजर!” म्हणाली. मास्तरांनी मुलांच्या बाजूला बघितलं, मग मुलींच्या, आणि चष्मा पुसला. वर्ग हसला. सगुणाही हसली, आणि तिच्या हसण्याचा आवाज सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठा होता.

घरी मात्र काही हललं नाही. “आये, विलायतेत आसल्या आवाजाच्या बायकांच्या तबकड्या काढत्यात,” तिनं भाकरी थापणाऱ्या आईला सांगितलं.

“विलायतेच्या बाया तंबाखूबी वढत्यात,” सखूबाई म्हणाल्या. “त्यांच्या घशाचं मला नगं सांगू. सोमवारी जायाचं म्हंजे जायाचं.”

त्यात आईचा राग नव्हता, भीती होती. तव्यावरची भाकरी उलटायची विसरून त्या लेकीच्या गळ्याकडं बघत होत्या, हे सगुणानं पाहिलं आणि पुढं होऊन तिनंच ती उलटली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि तिघी स्टँडवर आल्या, तर कुंडलिकच्या दुकानात रजेवर आलेला जगन! अंगात चित्रांचा शर्ट, पायांत रबरी चपला. तबकडी फिरत होती, आणि तो कपाळाला हात लावून हसत होता.

“आरं येड्या,” तो भावाला म्हणत होता, “हे काय म्हशीला ववी गायल्यागत लावलंय? मशीन हळू चाललंय तुझं. ह्याचं रबराचं चाक झिजलंय बघ, नुसतं घसरतंय. बाई आशी न्हाईच गात!”

सगुणा ओट्याशीच थबकली.

जगननं पिशवीतनं नवं चाक काढलं, जुनं उपटून मागच्या गटारात भिरकावलं आणि सुई ठेवली. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी तबकडी दचकून पळायलाच लागली. ताल टुणटुणीत झाला. म्हशीचा उसासा गेला, पिपाणी आली. आणि तो आवाज? तो वर चढला. चांगला होता, वाईट नव्हता, गोड होता. पण तो चारचौघींसारखा होता.

लीला हळूच म्हणाली, “सगुणे, ही तर आमच्यासारकीच गाती की गं.” बोचायचं म्हणून ती बोलली नव्हती. पण बोचलं.

म्हणजे तशी बाई नव्हतीच. विलायतेतही नव्हती. घसरणाऱ्या रबरानं ती बनवली होती. सगुणाचा हात आपोआप गळ्याला गेला. परवा सोमवार.

ती निघालीच होती, एवढ्यात ठकुबाईचा आवाज आला. “ए जगन्या! ही कोण आनलीस? आमची बाई कुठं गेली?”

“मावशे, हीच ती. ही खरी.”

“खरी आसंल तुज्या बोटीवर. ही कुठं आईला हाक मारती? ही तर आईला सांगती की च्या टाक, मी आले! आमची पैली लाव.”

“पैली लाव!” चिमाजी पोत्यावरनं उठला. “मी त्या बाईपायी बायकोशी खोटं बोललो, आन् तू तिला गटारात टाकलीस व्हय रं?”

तिकिटाची पेटी काखेत धरून एसटीचा कंडक्टरही आला. “अहो, ती आधीचीच बरी होती. दिवसभराचा शीण जायचा.” कुंडलिक गटारात वाकून बघायला लागला, पण रबर कधीच वाहून गेलं होतं. जगन बिचारा घामाघूम. “आवो, खरी गाणी हायेत ही, इकत घेतल्याली!” पण ऐकतो कोण?

“कसं व्हतं तरी ते? मला कळू द्या,” शेवटी तो वैतागून म्हणाला.

ठकुबाईनं प्रयत्न केला, पण ते जात्यावरच्या ओवीकडं गेलं. चिमाजीनं केला, आणि कंडक्टरनं त्याला हात जोडले.

“आसं व्हतं,” सगुणा म्हणाली.

आपण म्हणालो हे तिला म्हणून झाल्यावर कळलं. फुलानं तिचा हात घट्ट धरला. या वेळी तिला कुणी पैज घातली नव्हती, दप्तर कुणी वाहणार नव्हतं. सगुणानं डोळे मिटले आणि ते ‘माय’वालं गाणं धरलं. शब्द येत नव्हते तिथं नुसता सूर लावला. वर चढायचं नव्हतंच, म्हणून कुठं फाटायचा प्रश्न नव्हता. आवाज खाली खाली गेला आणि तळाशी पाय टेकावेत तसा टेकला. ‘माय’ आलं तेव्हा तिनं तो शब्द जितका लांबवावासा वाटला तितका लांबवला.

डोळे उघडले तर समोर वेल्ह्याची एसटी उभी होती, इंजिन बंद करून. ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून ऐकत होता. भिमा हमाल डोक्यावरचं पोतं तसंच धरून उभा होता.

“हीच ती,” ठकुबाई म्हणाली. पदरानं डोळे टिपत ती जगनकडं वळली. “बघ, मुडद्या. हितं भोरात व्हती, आन् तू विलायतेहून आनायला गेलतास.”

जगन डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, “आयला, मशिनीपरास बरं हाय की.”

आणि सगुणाला हसूच फुटलं. खळखळून, खालच्या पट्टीतलं. रबराचं चाक गटारात गेलं तर जाऊ दे! लोकांना जो आवाज हवा होता तो काही त्या बाईचा नव्हता, आणि मशीनचाही नव्हता. तो कुणाकडं आहे हे आता सगळ्या स्टँडला कळलं होतं. या गडबडीत एसटी सुटली, आणि चिमाजी तिसऱ्यांदा चुकला.

“आता घरी काय सांगणार, काका?” फुलानं विचारलं.

“खरं सांगतो. कोण इस्वास ठेवतंय?”

सगुणा उत्रोलीला पोचली तेव्हा सावळाराम अंगणात जांभळीखाली पेटी काढून बसले होते. जयंती जवळ आली होती. आत सखूबाई गाठोडं बांधत होत्या. त्यात टॉवेल, तांब्या, दवाखान्यात निजावं लागलं तर म्हणून गोधडी.

“आबा,” दप्तर उंबऱ्यावर टाकत सगुणा म्हणाली, “तुमी पेटी कंच्या पट्टीत लावता माझ्यासाठी?”

“काळी चार. पोरींची पट्टी तीच की. का गं?”

“आन् तुमच्यासाठी?”

“माझी काळी एक. बाप्याची पट्टी ती.”

“मग तुमच्या पट्टीत लावा. काळी एक. न्हाई तर अजून खाली.”

सावळारामांनी तिच्याकडं बघितलं. मग भाता हलवला आणि काळ्या एकवर, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, बोट ठेवलं. सगुणानं स्टँडवरचं तेच गाणं धरलं. सावळारामांनी आधी नुसता सूर दिला, मग बोटं चाल शोधत तिच्या मागं मागं जाऊ लागली, आणि दुसऱ्या फेरीला सापडलीच. आवाज फाटला नाही. एकदाही नाही. ‘माय’वर ती थांबली तेव्हा पेटीही थांबून राहिली.

सखूबाई गाठोड्याची गाठ हातात धरून दारात आल्या. “ह्यो तिचाच आवाज हाय?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. “दुखतंय का गं तुला? खरं सांग.”

“न्हाई आये. वर जाताना दुखायचं. खाली न्हाई दुखत.”

“सखू,” सावळाराम म्हणाले, आणि त्यांचाच आवाज आता जरा ओलसर झाला होता. “पोरीच्या घशाला कायबी झालं न्हाई. मीच तिला भलत्या पट्टीत गाया लावत व्हतो. चूक पेटीची व्हती.”

सखूबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मग एक लांब श्वास सोडून गाठोड्याची गाठ सोडायला लागल्या. आधी गोधडी काढली, मग तांब्या. “आन् ती कमळाबाई,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “उद्या पाणवठ्यावर भेटू दे मला. गाठ म्हनं!” आणि हसताहसता डोळे पुसू लागल्या.

सगुणानं आईच्या हातातला तांब्या घेतला, घटाघट पाणी प्यायली, आणि दोघांच्या मधे उभी राहिली. कमरेवर हात, वेणी पाठीवर.

“आबा, आये, ऐका. येत्या जयंतीला मी मागं बसून टाळ्या धरणार न्हाई. मी पुढं बसणार, आन् बाप्याच्या पट्टीत गाणार. बाईच्या आवाजात!”